कोणी राहिलं का?

१

उंबर्डीच्या तळ्याकाठी खोपोलीच्या एका लोकशिक्षण मंडळानं घर बांधलं आणि दारावर पाटी लावली, ‘सृष्टिदर्शन मंदिर’. सगळा घोटाळा तिथंच झाला. मंदिर म्हटल्यावर जवळच्या कडाव गावची माणसं वहाणा बाहेर काढून, हात जोडून आत शिरली. पाहतात तो पहिल्याच काचेच्या पेटीत भुसा भरलेला पांढरा बगळा एका पायावर उभा. देव कुठल्या रूपात भेटेल ते आपण कोण सांगणार, असं म्हणून कुणीतरी पुढ्यात नारळ फोडला. पुढं महिनाभर बगळ्याची चंगळ होती. नारळ, हळदकुंकू, एकदा तर गूळखोबरंसुद्धा. मंडळाचे चिटणीस आबाजी मास्तर खोपोलीहून आले आणि कपाळाला हात लावून बसले. पाटी रंगवणारा तोवर मुंबईला निघून गेला होता, त्यामुळे पाटी तशीच राहिली आणि लोकांच्या तोंडी नाव बसलं ते ‘बगळ्याचं देऊळ’.

स्वराज्य येऊन दुसरं वर्ष चालू होतं. खेड्यातल्या माणसाला त्याच्याच रानातली पाखरं, साप, झाडं आणि डास नीट दाखवले तर तो शहाणा होईल, असं मंडळाला मनापासून वाटत होतं. म्हणून तळ्याकडे तोंड करून एक लांब, कौलारू दालन बांधलं होतं. त्यात पाखरांच्या पेट्या, बाटलीतला घोणस, वाळवलेली पानं, मासे धरायची जाळी आणि मधोमध मातीचा मोठा नकाशा. नकाशात डोंगर होते, ओढे होते, आणि तळ्याच्या जागी आरशाचा तुकडा बसवला होता. बाहेर तळ्याला वळसा घालून एक पायवाट काढली होती. वाटेवर दोन्ही बाजूंना चुन्यानं रंगवलेले दगड. पाहुणे आले की आधी दालन बघायचं, मग डासांवरचं भाषण ऐकायचं आणि शेवटी रांगेनं पायवाटेनं फिरून यायचं, असा क्रम होता.

हे सगळं दाखवायला मंडळानं इंदूबाईला ठेवलं होतं. तिशीची बाई, सातवी पास, माहेर साजगावचं. नवरा तापात गेल्यापासून भावाकडं होती. दालनाला लागून पडवीत एक खोली होती, ती तिला राहायला दिली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात एका दाराची किल्ली आली होती, आणि त्या किल्लीला ती जपत होती.

तिची एक सवय होती. साजगावात कुणाकडे कार्य असलं की शेवटच्या पंगतीआधी घरातली थोरली बाई गल्लीच्या तोंडाशी जाऊन हाक देते, ‘जेवायचं कोणी राहिलं का?’ उत्तर आलं नाही तरच मग घरची माणसं पानावर बसतात. कुणी उपाशी राहिलं आणि आपण जेवलो, हे पाप नको म्हणून. इंदूबाई दालन बंद करताना तीच हाक द्यायची. संध्याकाळी पाहुणे गेले, खिडक्या लावल्या की दारात उभं राहायचं, आत तोंड करायचं आणि म्हणायचं, ‘कोणी राहिलं का?’ उत्तर येणार नाही हे तिला माहीतच असायचं. तरी क्षणभर थांबायची आणि मगच कडी लावायची.

माघातल्या एका संध्याकाळी तिनं अशीच हाक दिली, आणि आतून कुणीतरी म्हणालं, ‘हाय.’

२

तिला भीती वाटली नाही. दिवसभर पाहुणे आले होते, त्यातली कुणी बाई बगळा बघत रेंगाळली असेल, एवढंच तिच्या मनात आलं. ‘अगं, चला आता,’ असं म्हणत ती आत गेली. पेट्यांच्या मागं पाहिलं, नकाशाच्या मेजाखाली वाकून पाहिलं, खिडक्यांचे अडसर हातानं चाचपले. दालनात कोणी नव्हतं. कौलं दिवसाच्या उन्हानं तापलेली असतात, ती संध्याकाळी निवताना टकटक वाजतात; तेवढाच आवाज होता.

आवाज घुमला असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण घुमलेला आवाज आपलेच शब्द परत देतो. तिनं विचारलं होतं, आणि मिळालं ते उत्तर होतं. बाईचा आवाज. म्हातारा नाही, तरुणही नाही. शाळेत हजेरी घेताना मागच्या बाकावरून यावा इतका साधा आणि दमलेला.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती इंदूबाईला त्या रात्री झोपू देत नव्हती. नवरा गेल्यावर ती चुलीपुढं बसून त्याच्याशी बोलायची. सासूनं गावभर केलं की ही एकटीच दोन आवाजांत बोलते, एकदा बाईच्या आणि एकदा त्याच्या, हिला भ्रम झालाय. तेवढ्यावर तिला माहेरी आणून सोडलं होतं. ते खरं होतं की नव्हतं, हे इंदूबाईला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. ती त्याच्याशी बोलायची हे खरं. उत्तरं ऐकू यायची हेही खरं. ती तिच्याच तोंडून निघत होती का, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं, कारण दुःखात माणूस आरसा घेऊन बसत नाही.

हे सगळं आबाजी मास्तरांच्या कानावर गेलं होतं. भाऊ विठू खोपोलीच्या वीजघरात होता, त्यानं शब्द टाकला म्हणून त्यांनी तिला घेतलं, पण आडपडदा न ठेवता सांगून ठेवलं. ही जागा अंधश्रद्धा घालवण्यासाठी आहे. जिला काही दिसतं, ऐकू येतं, अशा बाईला मी इथं ठेवू शकत नाही. शिमग्यापर्यंत बघू, मग ठरवू. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. सरळ माणूस होता, आणि सरळ माणसाचं बोलणं जास्त लागतं.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा ‘हाय’ आलं. तिसऱ्या संध्याकाळी इंदूबाईनं शक्कल लढवली. हाक दिली आणि लगेच तांब्यातल्या पाण्यानं तोंड गच्च भरून घेतलं. आपणच बोलत असू तर पाणी सांडेल. पाणी सांडलं नाही, आणि ‘हाय’ मात्र आलं. ती तोंडात पाणी तसंच धरून दारात उभी राहिली. मग तिला कळलं की यानं काहीच सिद्ध होत नाही. तोंड शहाणं असलं तरी कान वेडे असू शकतात, आणि कानात पाणी भरून काही उपयोग नाही.

३

तळ्याची पायवाट राखायला शुक्रा होता. वरच्या ठाकरवाडीतला, पन्नाशीचा, कमी बोलणारा. दगडांना चुना लावणं, वाटेवरचं झुडूप तोडणं, पाहुण्यांच्या रांगेपुढं चालणं ही त्याची कामं. इंदूबाईनं एकदा त्याला मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबवून घेतलं आणि त्याच्यादेखत हाक दिली. उत्तर आलं. तिनं शुक्राकडं पाहिलं. तो कोयत्याची धार बघत होता.

‘काय आयकलंस का रं?’ तिनं विचारलं.

‘मना नाय आयकू आला, बाय,’ तो म्हणाला आणि कोयता कमरेला लावून निघाला. पण नंतर तिच्या लक्षात आलं की काय ऐकू यायला हवं होतं, हे त्यानं विचारलंच नव्हतं. आणि त्या दिवसापासून तो ऊन डोंगरावर चढायच्या आत घरी जाऊ लागला.

आवाज जवळ येत होता. पहिल्या दिवशी तो तळ्याकडच्या शेवटच्या खिडकीशी होता. मग जाळी टांगली होती तिथून आला. मग नकाशाच्या मेजापासून. एका सकाळी दालन उघडलं तर नकाशातल्या आरशावर वाफ धरलेली. थंडीचे दिवस, धरेल वाफ, असं म्हणून तिनं पदरानं आरसा पुसला. वाफ गेली नाही. पुन्हा पुसला. मग बोटानं चाचपून पाहिलं, तर काच वरून कोरडी ठणठणीत होती. वाफ खालच्या बाजूनं होती. ती हात मागं घेऊन उभी राहिली, आणि तिच्यासमोरच वाफ हळूहळू विरली, आणि पुन्हा धरली, आणि पुन्हा विरली. त्या दिवशी शाळेची मुलं आली तेव्हा तिनं नकाशावर चादर टाकून ठेवली आणि नकाशाची डागडुजी चालू आहे असं सांगितलं.

शेवटी तिनं हाक द्यायचंच सोडलं. विचारलंच नाही तर उत्तर कुठून येईल? हिशेब बरोबर होता. त्या संध्याकाळी खिडक्या लावल्या, दाराबाहेर आली, तोंडातून अवाक्षर न काढता दार ओढलं. कडी कोयंड्यात घालणार, तेवढ्यात दाराच्या फळीला अगदी लागून, पलीकडून, तिच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर कुणीतरी म्हणालं, ‘हाय.’

इंदूबाई रात्रभर पडवीतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसली. तिला दालनातल्या आवाजाची भीती होतीच, पण खरी धास्ती दुसरीच होती. आपलं डोकं आपल्याच हातून निसटत चाललंय, आणि हे कुणाच्या लक्षात आलं की किल्ली जाईल, खोली जाईल, आणि उरलेला जन्म वहिनीच्या ओटीवर एका कोपऱ्यात बसून काढावा लागेल. येणारे-जाणारे बोट दाखवतील की हीच ती. पहाटे तिनं ठरवलं की काही झालं तरी हे कुणापाशी बोलायचं नाही. ऐकू येऊ दे काय यायचं ते. आपण गप्प बसायचं, काम करायचं, शिमगा पार पाडायचा. आणि हाक पुन्हा द्यायला लागायचं, कारण विचारल्यावर आलेलं उत्तर न विचारता आलेल्या उत्तरापेक्षा बरं.

४

शिमगा तोंडावर आला असताना कडावच्या बायकांचा कार्यक्रम ठरला. दोन बैलगाड्या भरून बायका आल्या. आबाजी मास्तरही आले होते. बोलले नाहीत, पण इंदूबाईचं काम बघायलाच आले होते हे ती समजून होती. त्या दिवशी तिनं बगळ्यापासून घोणसापर्यंत सगळं न अडखळता सांगितलं. डासांची अळी पेल्यातल्या पाण्यात वळवळताना दाखवली तेव्हा बायकांनी नाकाला पदर लावले, आणि घरी जाऊन रांजण उपसायचं कबूल केलं. नकाशापाशी ती जरा घाईनं पुढं सरकली, पण ते मास्तरांना कळलं नाही. ते खूश दिसत होते.

बायकांत येसूबाई म्हणून एक ठसठशीत बाई होती, आणि तिच्यामागं तिची सून आवडी. पाचवा महिना लागलेला, अंगानं बारीक, खाली मान घालून चालणारी. दालनात तिनं एकच प्रश्न विचारला, तोही इंदूबाईच्या कानात. हा बगळा मेल्यावर भरला की भरल्यावर मेला? इंदूबाईला हसू आलं आणि ती पोर तिला एकदम आवडून गेली.

मग सगळ्या पायवाटेनं निघाल्या. पुढं शुक्रा, मग मास्तर आणि गाडीवान, मग इंदूबाई, आणि मागं बायकांची लांब रांग. फाल्गुनात तळं आटायला लागतं. पाणी मागं सरकतं आणि मध्ये गाळाचा पट्टा उघडा पडतो, वरून वाळून भेगाळलेला, बघणाऱ्याला शेतासारखा वाटणारा. शुक्रानं एका ठिकाणी थांबून सांगितलं की दगड सोडून खाली उतरायचं नाही, वर पापुद्रा हाय आन खाली लोणी. मास्तरांनी ते पुन्हा शुद्ध भाषेत सांगितलं.

आता पुढं जे झालं त्याला कुणाला दोष द्यायचा? वाटेत आवडीला आडोशाला जावंसं वाटलं. बायकांत अशी गोष्ट कोणी बोलत नाही, आणि पुढं बाप्ये असले तर मुळीच नाही. तिनं शेजारणीला डोळ्यांनी खूण केली, आणि स्वतः रांगेच्या शेवटाला सरली. शेजारणीनं नजर दुसरीकडं वळवली, कारण तसंच करायचं असतं. बाकीच्यांनीही वळवली. कोणी मागं बघितलं नाही, कोणी थांबलं नाही, कोणी नाव घेतलं नाही. ती आटोपून येईल आणि मुकाट्यानं रांगेत मिसळेल, हे सगळ्यांनी गृहीत धरलं. इंदूबाईनंही मागं वळून बघितलं होतं. लव्हाळ्याच्या बेटाकडं कुणीतरी वळताना तिला दिसलं होतं. तीही बाईच, तिनंही मान पुढं केली.

५

ऊन डोंगरावर गेलं तेव्हा बायका गाड्यांत बसल्या. मास्तरही त्यांच्यातल्याच एका गाडीनं कर्जतपर्यंत जाणार होते. बैल जुंपून झाले होते, गाडीवान घाई करत होते. इंदूबाईनं खिडक्या लावल्या. मास्तर दालनाच्या दारात तिच्याशेजारी उभे राहिले आणि म्हणाले की आजचं काम त्यांना पसंत पडलंय, शिमग्यानंतरही काही अडचण येईल असं वाटत नाही.

तिचा जीव भांड्यात पडला. आता फक्त दार लावायचं होतं. हाक द्यावी की देऊ नये, असा तिला क्षणभर प्रश्न पडला. न विचारता उत्तर आलं तर ती दचकेल आणि मास्तरांना दिसेल. त्यापेक्षा विचारलेलं बरं. तिनं आत तोंड केलं आणि रोजच्यासारखं म्हणाली, ‘कोणी राहिलं का?’

‘हाय.’

आवाज दाराच्या आतून आला, पण आज तो दमलेला नव्हता. आज त्यात घाई होती.

तिनं चोरून मास्तरांकडं पाहिलं. ते तिच्याकडंच बघत होते. चेहऱ्यावर काही नाही. म्हणजे त्यांना ऐकू आलं नाही, असं तिनं धरलं. आता कडी लावायची आणि नमस्कार करायचा. गाड्या निघून जातील, किल्ली आपल्यापाशी राहील, खोली राहील. तिनं कडीला हात घातला. हात कडीवर तसाच राहिला.

रोज विचारतेस ना, तिच्याच मनानं तिला विचारलं. कशाला विचारतेस? राहिलेल्या माणसाला बाहेर घ्यायचं म्हणून, की नुसतं विचारल्याचं पुण्य लागावं म्हणून?

‘मास्तर,’ ती म्हणाली, ‘कोणीतरी राहिलंय.’

मास्तरांनी कशावरून म्हणून विचारलं. तिला खोटं बोलता आलं असतं. गाड्या हलक्या वाटतात म्हणाली असती तरी भागलं असतं. पण खोटं बोलायला वेळ लागतो, आणि त्या आवाजात घाई होती.

‘आतून ‘हाय’ म्हणून उत्तर आलं. रोज येतं. आज निराळं आलं.’

बायकांनी ऐकलं, गाडीवानांनी ऐकलं. मास्तर काहीच बोलले नाहीत. इंदूबाईला वाटलं, संपलं, आणि एकदा संपलंच म्हटल्यावर तिला कशाची भीड उरली नाही. ती ओसरी उतरून सरळ गाडीपाशी गेली. तिनं बाप्यांसमोर, मोठ्यानं येसूबाईला विचारलं की तुमची सून कुठाय.

येसूबाई म्हणाली त्या गाडीत. त्या गाडीतल्या म्हणाल्या ह्या गाडीत. शेवटी शेजारीण मान खाली घालून पुटपुटली, ‘मागं ऱ्हायली हुती वाईच. लव्हाळ्याकडं.’

त्या दिवशी पाहुण्यांपायी थांबावं लागलेला शुक्रा तोवर शिडी आणायला धावला होता.

६

लव्हाळ्याच्या बेटामागं गाळाच्या पापुद्र्यात एक भोक पडलं होतं, आणि त्यात आवडी काखेपर्यंत रुतली होती. दोन्ही हात वर, केस मोकळे, ओठ निळे पडलेले. डोळे उघडे होते. ती ओरडत नव्हती, रडत नव्हती.

‘बाप्ये हाईत का?’ हे तिचं पहिलं वाक्य.

लुगडं गाळात कुठंतरी सुटून गेलं होतं. इंदूबाईनं मागं वळून सगळ्या बाप्यांना तोंडं फिरवून उभं राहायला सांगितलं, आणि मास्तरांसकट सगळे मुकाट्यानं फिरले. कौलं शाकारायची बांबूची शिडी गाळावर आडवी टाकली. तिच्यावरून पोटावर सरकत जायला अंगानं हलकी आणि बाईच हवी होती, म्हणून इंदूबाई गेली. कासरा तिनं आवडीच्या काखेतून घेऊन गाठ मारली. दुसरं टोक काठावर पाठमोऱ्या उभ्या बाप्यांच्या हातांत होतं.

गाळ बर्फासारखा थंड होता. पोरीच्या तोंडाजवळ तोंड गेल्यावर इंदूबाईनं विचारलं, ‘हाक का नाय मारलीस गं?’

‘कशी मारू? बाप्ये हुते ना.’

‘एकदा पन नाय?’

आवडीनं मान हलवली. मग हळूच म्हणाली, ‘बाई, मी खाली जात हुते. लय भराभर जात हुते. मंग थांबले. पायाखाली कायतरी आलं.’

‘दगड आसंल.’

‘दगड नाय. खांदा हाय. आजून हाय. धापा टाकतोय.’

इंदूबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या क्षणी तिला शिडीवरून मागं सरकावं, काठावर जावं, पळत सुटावं असंच वाटलं. पण पोरीचा हात तिच्या मनगटावर घट्ट होता, आणि त्या पोरीच्या पोटात आणखी एक जीव होता. तिनं ‘वढा’ म्हणून सांगितलं.

कासरा ताणला. गाळ सोडायला तयार नव्हता. पुन्हा ओढलं. मग खालून, ओढण्याच्या जोडीनं, एक रेटा आला. तो इंदूबाईला स्पष्ट जाणवला, कारण आवडी नुसती ओढली गेली नाही, ती उचलली गेली. गाळानं मोठा आवाज केला आणि पोर शिडीवर येऊन पडली.

भोक लगेच बुजलं नाही. काळं पाणी भरत आलं, आणि पाण्यात दोन हात वर आलेले इंदूबाईला दिसले. तळवे आभाळाकडं, बोटं थोडी वाकलेली. डोईवरची भरली घागर दुसरीच्या हातात दिल्यावर हात क्षणभर तसेच वर राहतात, तसे. एका मनगटात बांगडी होती, आणि रोज ‘हाय’ म्हणणारी ती हीच, हे इंदूबाईला कळलं. मग हात सावकाश खाली गेले, आणि कडेचा गाळ सरकून भोक मिटलं.

तिनं आपला पदर फाडून आवडीभोवती गुंडाळला. बाप्ये अजून तळ्याकडं पाठ करून उभे होते. त्यांच्यातलं कोणी वळलं नव्हतं, आणि इंदूबाईनं दोन्ही हात जोडले तेही कोणाला दिसलं नाही.

७

दालनात शेकोटी करून आवडीला शेकलं, गुळाचा गरम चहा पाजला. पोटावर हात ठेवून ती बराच वेळ डोळे मिटून पडली होती. मग एकदम डोळे उघडून म्हणाली की हललं. येसूबाई, जी आल्यापासून सुनेवर डाफरत होती, तिनं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि हुंदके द्यायला लागली. पहिली गाडी त्या दोघींना घेऊन, गोधड्यांत गुंडाळून, कडावकडं निघाली.

मास्तर ओसरीवर बसले होते. दुसरी गाडी त्यांच्यासाठी थांबलेली. इंदूबाईनं हातपाय धुतले, कमरेची किल्ली सोडली आणि त्यांच्यासमोर ठेवली. ती म्हणाली की उद्या भावाला निरोप धाडते, सामान फारसं नाही, एका फेरीत जाईल.

मास्तरांनी किल्लीला हात लावला नाही. गाळानं भरलेले आपले हात ते उगाच एकमेकांवर चोळत होते. कासरा ओढून तळवे सोलले होते.

‘तुमच्या सासरच्यांचं म्हणणं मला ठाऊक होतं,’ ते म्हणाले. ‘दोन आवाजांत बोलते म्हणून. खरंखोटं करावं असं मनात होतं. त्यामुळं तुम्ही दारात हाक दिलीत तेव्हा मी मुद्दाम तुमच्या तोंडाकडं बघत होतो.’

इंदूबाईनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं.

‘तुमचे ओठ मिटलेले होते, इंदूबाई. आणि ‘हाय’ मी ऐकलं.’ त्यांनी सोललेले तळवे मिटले. ‘मी ऐकलं आणि गप्प बसलो. मला माझी लाज वाटली. मी अशी बाई ठेवणार नाही म्हणून बजावणारा माणूस, मी कुठल्या तोंडानं सांगू? तुमची तर भाकरी होती त्यावर. तरी तुम्ही बोललात.’

तिला आधी नीट समजलंच नाही. मग समजलं. चुलीपुढच्या त्या दिवसांपासून, सासरच्या अंगणापासून, विठूच्या ओटीवरच्या कोपऱ्यापासून तिनं जे एकटीनं उचललं होतं, त्याला आज दुसऱ्या कुणाचे तरी कान लागले होते. आपण वेडी नाही. ती हे मनात नाही, तोंडानं म्हणाली. ‘मी वेडी नाही.’

‘नाही,’ मास्तर म्हणाले.

तेव्हा इंदूबाई रडली. तोंड न झाकता, मोठ्यानं, पोरासारखी रडली. गाडीवानानं दोनदा खाकरून दाखवलं, उशीर होतोय म्हणून. मास्तर उठले नाहीत. तिचं रडून होईपर्यंत ते ओसरीवर तिच्यासमोर बसून राहिले.